उतार पाहणारे सर

आमचं रान खोलगट होतं म्हणूनच ते आमच्या वाट्याला आलं. चांगलं असतं तर आमच्यासारख्यांपर्यंत पोचलंच नसतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, निम्मं आयुष्य निफाडच्या आसपास दुसऱ्यांच्या द्राक्षबागा छाटण्यात घालवलं. छाटणीच्या कात्रीनं त्यांच्या उजव्या हाताची बोटं अशी वाकली, की झोपेतसुद्धा ती कात्री धरल्यासारखीच दिसायची. ओढ्याच्या अंगाला एक तुकडा पडीक होता. मालक भाऊ-भाऊ भांडून कंटाळले होते आणि जागा त्यातल्या कुणालाच नको होती. ती नानांनी घेतली. मांडव घातला, तारा ओढल्या, आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या वेलीवर कात्री चालवली.

पण थंडी. सगळ्या शिवारात थंडी पडायची, आमच्याकडे ती मुक्कामाला यायची. वरच्या अंगाच्या बागांमध्ये पानं नुसती मलूल व्हायची, आमच्या बागेत करपायची. मण्यांना तडे जायचे. आई पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या करायची, नाना बोअर चालू करून मुळाशी कोमट पाणी सोडायचे, आणि आम्ही भावंडं धुरानं डोळे चोळत शाळेत जायचो. व्यापारी यायचा, बांधावर उभा राहूनच बाग बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या साली बघू, नाना." दरसाल निम्मी बाग जायची. लोक म्हणायचे, जागाच वाईट हाय.

मांडव घातला त्याच वर्षी नानांनी ओढ्याच्या बाजूला सुबाभळीचं कुंपण लावलं होतं. बुडाशी गजराज गवत. इतकं दाट, की मांजरालाही आरपार जाता यायचं नाही. ओढ्यातून वारं येतं, ते अडलं की थंडी अडेल, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मी. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सोपं नव्हतं आणि लपवण्यासारखंही नाही. भूगोल घेऊन बी.ए. केलं, नकाशाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला आणि नाशकात द्वारका चौकातल्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागले. त्या हिवाळ्यात बाग सगळ्यात वाईट गेली. नाना मांडवाखाली उकिडवे बसले होते. म्हणाले, "आता एक साल. पुढच्या थंडीत असंच झालं तर बाग तोडायची. तारा, अँगल विकून टाकू. मी आपला परत कात्री घेऊन लोकाच्या बांधाला."

नोकरीची नवी पर्स मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले.

ते द्वारकेचं ऑफिस सरांचं. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. खाली चौकात दिवसभर हॉर्न, ट्रॅव्हल्सवाल्यांची हाकाहाक, आणि वर एका खोलीत पडदे ओढलेले, पंखा हळू, आणि तीन स्क्रीनवर डोंगर. पहिल्या दिवशी मी दार ढकललं तर सर जमिनीवर उताणे पडलेले. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली काढली.

"थांब, थांब," ते पडल्यापडल्याच म्हणाले, "मी चांदवडच्या खाली आहे."

एक स्क्रीन त्यांनी पाटावर ठेवला होता. त्यावर चांदवडच्या बाजूचे डोंगर तिरपे उभे केले होते, आणि सर त्यांच्या पायथ्याशी पडून वर बघत होते. "डोंगर खालून बघायचा असतो," ते म्हणाले. "वरून बघणारे सगळे विमानातले. त्यांना काय कळणार? ये, चप्पल काढ आणि बस."

मी चप्पल काढली. पुढे सवयच झाली. स्क्रीनवर जमीन नुसती आडवी, चपटी असेल तोवर चपला चालायच्या. पण एकदा का तिला उंची दिली, ती उठून उभी राहिली, की चपला बाहेर. कारण विचारलं तर सर म्हणायचे, "झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाताना नाही का आपण जपून जात? ही आत्ता उठलीय. घाबरवू नकोस."

त्यांचं बोलणं असंच असायचं. ऐकताना खरं वाटायचं आणि जिन्यावरून खाली चौकात उतरलं की हसू यायचं.

आमचं काम तसं साधं. उपग्रहानं किंवा ड्रोननं टिपलेली जमिनीची उंची, म्हणजे प्रत्येक ठिकाणासाठी एक आकडा. ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालायचे, त्यांचा पृष्ठभाग करायचा, मग तो तिरपा करून, फिरवून दाखवायचा. कुणाला रस्ता करायचा असायचा, कुणाला प्लॉट पाडायचे, कुणाला तळं. अंबडच्या कारखानदारापासून सप्तशृंगीच्या वाटेवर हॉटेल बांधणाऱ्यापर्यंत सगळे यायचे. बटणं कोर्समध्येच शिकले होते. बघायचं कसं, ते सरांनी शिकवलं.

सर डावं-उजवं बोलत नसत. रिक्षावाल्याला सांगायचे, "इथून जरा उतरा, मग थोडं चढा, तिथं सपाटीला थांबवा." रिक्षावाले वैतागायचे. पंचवटीला जायचं असलं की "खाली जाऊन येतो," अंबडला जायचं असलं की "वर जातोय." मी शनिवारी गावाला निघाले की म्हणायचे, "उतरत चाललीस गं. जपून जा." नाशिकहून निफाड खाली आहे हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. एसटीतून जाताना मग मी खिडकीला डोकं टेकवून बसायचे, आणि खरंच वाटायचं की सगळी गाडी, ऊस, बागा, पत्र्याची दुकानं, सगळं हळूहळू, कुणाच्याही नकळत, खाली खाली वाहत चाललंय.

दुसरं वेड सूर्याचं. नकाशावर उंचसखल दिसावं म्हणून एका बाजूनं उजेड टाकावा लागतो, म्हणजे सावल्या पडतात. हा उजेड वायव्येकडून टाकायचा, अशी जगभर रीत आहे. खरा सूर्य आपल्याकडे वायव्येला तळपत नाही, पण उजेड तिथून नसला तर माणसाचा डोळा फसतो. खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. सर रोज सकाळी ऑफिस उघडलं की भिंतीच्या वायव्य कोपऱ्याकडे तोंड करून हात जोडायचे. तिथं देवाचा फोटो नव्हता. कॅलेंडरसुद्धा नव्हतं. नुसता कोपरा.

चहावाला एकदा म्हणाला, "सर, पूर्व इकडं हाय."

"ती तुमची," सर म्हणाले. "आमच्याकडे इथून उगवतो."

त्यांचं भांडण व्हायचं ते मात्र फुगवट्यावरून. जमिनीची उंची आहे तशी दाखवली तर स्क्रीनवर डोंगर फार बुटके दिसतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये उंची वाढवून दाखवायची सोय असते. दुप्पट करा, तिप्पट करा, डोंगर लगेच भव्य. याला सर फुगवटा म्हणायचे. धरणाच्या काठी बंगले विकणारा एक गृहस्थ आला. सोन्याची जाड साखळी, अंगाला अत्तर. त्याच्या प्लॉटमागची टेकडी सरांनी खऱ्या उंचीत उभी करून दाखवली.

"हे काय साहेब? ही टेकडी आहे का उशी?" तो म्हणाला. "जरा उठवा तिला. गिऱ्हाईकाला हिमालय वाटला पाहिजे."

"डोंगर मी वाढवून देत नाही," सर म्हणाले. "तुम्ही बंगले लहान करा. टेकडी आपोआप मोठी दिसेल."

गृहस्थ आधी हसला. सर हसत नाहीत म्हटल्यावर साखळी आत टाकून उठून गेला. काम गेलं. मी चिडले. म्हटलं, "सर, एक आकडा बदलायचा होता. तुमच्या खिशातलं काय जात होतं?"

"डोंगर फुगवणं म्हणजे थापा मारणं," ते म्हणाले. मग पंख्याकडे बघत पुढे म्हणाले, "पण सपाट जमीन फुगवणं वेगळं. ते कमी ऐकू येणाऱ्याशी मोठ्यानं बोलल्यासारखं. तिथं आपण खोटं बोलत नाही, आवाज वाढवतो."

तेव्हा मी त्यांना आमच्या रानाबद्दल सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. सपाट जमीन म्हटल्यावर तेच आठवलं असेल. थंडी, निम्मी बाग, नानांचं एक साल. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"पहाटे तिथं वारा असतो का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"मला नाही माहीत, सर."

"वडिलांना विचार. आणि रान दाखव."

मी उपग्रहानं टिपलेले उंचीचे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि आमचं रान शोधलं. सगळा परिसर सारवलेल्या अंगणासारखा सपाट. आमचं रान म्हणजे त्यात दोन-चार चौकोन. मी हिरमुसले. ज्या जमिनीपायी आमची एवढी वर्षं गेली, तिला तिथं चेहराच नव्हता.

"अगं, उपग्रह काय तुझ्या वडिलांच्या बांधावर उतरून बघतो का?" सर म्हणाले. "आपण जाऊ."

ऑक्टोबर छाटणी झाल्यावर एका रविवारी ते स्कूटरवरून आले, पाठीला ड्रोनची पेटी. छाटणीनंतर वेली उघड्या असतात, ओळींमधली माती वरून स्वच्छ दिसते. ड्रोन वर गेला तशी आईनं डोक्यावर पदर घेतला. का, तर म्हणाली, "वरून कोण बघतंय काय माहीत."

सरांनी नानांना विचारलं, "ज्या पहाटे बाग जळते, त्या पहाटे वारा असतो का हो?"

"नाय," नाना म्हणाले. "पान हालत नाय. वारं असलं तर आमी निर्धास्त झोपतो."

"मग हे कुंपण वाऱ्यासाठी लावलंय?"

नाना कुंपणाकडे बघत राहिले. "लोकं लावत्यात," ते म्हणाले.

जाताना सरांनी आणखी एक विचारलं, पानं आधी कुठं करपतात? नानांनी बागेचा खालचा कोपरा दाखवला. कुंपणाला लागून.

ऑफिसात मी सगळं जुळवलं आणि आमचं रान उभं केलं. आधी वरून बघितलं. त्या दिवशी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी वायव्येचा सूर्य काढून जानेवारीतला खरा सूर्य लावला, आमच्या घराच्या मागून उगवतो तो. आणि आमचं खोलगट रान एकदम टेकडीसारखं वर आलं. डोळ्यांचा खेळ तो, पण मी बघतच राहिले. आमची बाग उंचावर होती. सगळं शिवार तिच्या पायाशी होतं. सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मला रागावायला हवं होतं.

"थोडा वेळ राहू दे असंच," ते म्हणाले. चहा झाल्यावर मग म्हणाले, "आता लाव परत."

उजेड परत लावला, तिरपं केलं, चांगला मोठा फुगवटा दिला. आणि रान बोललं. वरच्या बागांकडून जमीन सगळ्या बाजूंनी हलकेच आमच्याकडे उतरत होती. मध्ये एका बाजूनं काठ फुटलेल्या बशीसारखी खोली, आणि त्या बाजूनं पुढे ओढ्याकडे उतार. सर म्हणाले, थंड हवा जड असते, निवांत पहाटे ती पाण्यासारखी उताराला लागते. तेव्हा आपण पाणी भरून बघू. म्हणजे निळा पारदर्शक थर त्या रानावर सोडायचा आणि तो कुठं साचतो ते बघायचं.

मी थर सोडला. तो वरून उतरला, बशीत आला, आणि ओढ्याकडे निघून गेला. कुठंच थांबला नाही.

पुन्हा केलं. पुन्हा निघून गेला. नकाशा सांगत होता की आमच्या रानात थंडी साचायचं काही कारणच नाही. मग लोक म्हणतात ते खरं, जागाच वाईट. मला रडू आलं. बी.ए. केलं, कोर्स केला, आणि शेवटी उत्तर काय, तर गावातल्या म्हाताऱ्या बायका देतात तेच.

सर पाटावरच्या स्क्रीनपुढे आडवे झाले. नाक जवळजवळ काचेला. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, "कुंपण कुठं गेलं?"

"काढलं, सर. तुम्हीच सांगितलंय ना."

त्यांचा तो पहिला नियम होता. ड्रोनला वरून झाडं, घरं, विजेचे खांब, सगळं दिसतं आणि सगळ्याची उंची तो जमीन म्हणूनच देतो. रस्त्याच्या, प्लॉटच्या कामाला हे चालत नाही. म्हणून झाडं-घरं उतरवायची, उघडी जमीन ठेवायची. "जमिनीच्या अंगावरचं काढ, मग तिला बोलू दे," हे वाक्य सर इतक्यांदा म्हणत की माझे हात आपोआप ते करायचे. सगळ्या ऑफिसात एकही झाड कधी शिल्लक राहिलेलं नव्हतं.

सर उठून बसले. कधी नव्हे ते ओशाळलेले दिसले. "आपण काढलं," ते म्हणाले. "थंडीनं नाही काढलेलं. तिला ते रोज आडवं येतंय. ठेव परत."

मी झाडं परत ठेवली. ओढ्याच्या बाजूला एक भिंत उभी राहिली, लांब, हिरवट, अखंड. मग निळा थर सोडला. तो वरच्या बागांमधून सावकाश उतरला, आमच्या मांडवाखाली शिरला, पुढे गेला आणि कुंपणाशी थांबला. मागून आणखी आला. थांबला. वर चढू लागला. आधी भरला तो खालचा कोपरा, नानांनी बोट दाखवलेला. मग ओळीमागून ओळ. त्या निळ्याखाली आमची बाग अशी दिसत होती, जणू तळ्याच्या तळाशी कुणी मांडव घातलाय.

खाली चौकात कुणीतरी "सिन्नर, सिन्नर, संगमनेर" ओरडत होतं. मला ते फार लांबून ऐकू आलं.

पुढच्या रविवारी सर लॅपटॉप घेऊन परत आले. आमच्या पडवीत खाटेवर तो उघडला. नानांनी आधी आपली विहीर ओळखली, मग घर, मग बांधावरचं लिंब. वाकड्या बोटानं ते स्क्रीनला हात न लावता सगळीकडून फिरले. "आपलं रान असं दिसतंय व्हय?" असं म्हणाले. मग मी निळा थर सोडला. कुंपणाशी तो तुंबला तसा त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे मी लावलेल्या झाडांनी माझी बाग मारली, असं म्हणायचं का तुमचं?"

"थंडी तुमच्याकडे येतेच," सर म्हणाले. "खोलगट जागा, येणारच. झाडं तिला जाऊ देत नाहीत. सगळ्यात खाली, इथं, कुंपण मोकळं करा. चांगलं रुंद."

"अन् तुमचं यंत्र चुकलं तर? निम्मी वाचते तीबी जाईल."

"चुकू शकतं," सर म्हणाले. "माझंच एकदा चुकलंय ह्यात. हिनं झाडं काढली होती, मी शिकवलं म्हणून."

मला वाटलं आता नाना उठून जातील. साहेब लोकांकडून 'चुकू शकतं' असं ऐकायची त्यांना सवय नव्हती. पण ते तसेच बसले. "बैलगाडी जाईल एवढं करतो," शेवटी म्हणाले.

"बैलगाडीनं काय व्हायचं?" आई आतून म्हणाली. ती चूल सोडून बाहेर आली. "दरसाल निम्मी जातीच. तिची राखण किती दिवस करायची? साहेब म्हणत्यात तर रुंद करा की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळत नाय. म्हशीला वैरण पायजे, एवढं कळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विळा घेऊन कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात गेली आणि गजराज कापायला लागली. नाना थोडा वेळ पडवीतून बघत राहिले. मग कुऱ्हाड घेऊन तेही गेले. सुबाभळी पडल्या. ओढा दिसायला लागला. त्या जागेतून इतकी वर्षं कधी ओढा दिसला नव्हता.

वरच्या बागेचा शेजारी बांधावर येऊन बघून गेला. "काय नाना, पोरगी शिकली अन् बापाचं कुंपण उपटलं? थंडीला दार ठेवलं का काय?"

"जायाला ठेवलंय," नाना म्हणाले. "यायला तुमच्या रानातून येती ती."

शेजाऱ्याला ते तोडून बोलले खरे. पण डिसेंबरभर ते रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहायचे. आभाळ बघायचे. परत यायचे.

सर आता नाशकात नाहीत. मुलीकडे राहायला गेले, समुद्रकाठच्या एका शहरात. मधून मधून फोन येतो. "इथं काहीच उंच नाही गं," म्हणतात, "गच्चीवर पाणी कुठं साचतं ते बघत बसतो." द्वारकेचं ऑफिस आता मी चालवते. सरांचे काही नियम मी पाळते, काही सोडले. झाडं काढण्याआधी विचारते, ही कुणाच्या वाटेत आहेत का. नव्या मुलामुलींना ते विचित्र वाटतं.

पण ती जानेवारीची पहाट सांगायची राहिली. थंडीची लाट येणार असं सगळीकडे सांगत होते. मी आदल्या दिवशीच घरी आले होते. उजाडायच्या आधी अंगणात स्कूटर वाजली. सर. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर, आणि डोळे भरून पाणी. "थंडीनं आलंय," म्हणाले.

पान हालत नव्हतं. आईनं नेहमीच्या सवयीनं बागेच्या वरच्या अंगाला ओला पाला पेटवला होता. धूर वर गेला नाही. गुडघ्याएवढा उठला आणि आडवा झाला. दरसाल तो तसाच पसरून बागेत बसून राहायचा. त्या दिवशी तो थोडा घुटमळला आणि मग मांडवाखालून, ओळींमधून, एकेका वेलीला बगल देत खाली निघाला. त्याला घाई नव्हती. आम्ही चौघं त्याच्या बाजूनं चालत होतो. दवानं ओल्या तारा, फिकट होत चाललेलं आभाळ, आणि पायाजवळून ती पांढरी पट्टी, एकसारखी, एकाच दिशेनं. मला वाटलं मी अजून द्वारकेच्या त्या अंधाऱ्या खोलीतच आहे, माझाच हात कुठंतरी माऊसवर आहे.

कुंपणाशी धूर आला. थांबला नाही. मोकळ्या जागेतून बाहेर पडला आणि ओढ्यात उतरला.

सर त्याच्या मागोमाग गेले. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जावं तसे, दोन्ही हात जरा पुढे धरून, सावकाश. ओढ्याच्या उतारावर ते दिसेनासे झाले. नानांनी हाक मारली, "साहेब, पाय घसरंल, वर या!"

खालून आवाज आला, "येतो! अजून जातीय!"

नानांनी खालच्या कोपऱ्यातल्या एका वेलीचं पान हातात घेतलं. अंगठ्यानं चोळलं. मग घडाखाली हात धरून नुसतेच उभे राहिले. ऊन वर आलं तरी तिथंच होते. सर परत आल्यावर आईनं त्यांना चुलीपुढे बसवलं आणि बाजरीची भाकरी, लसणाची चटणी वाढली. नाना आत आले. सरांसमोर बसले.

"पानं हिरवी हायेत," एवढंच म्हणाले.

लाट आणखी काही दिवस टिकली. खालच्या कोपऱ्यातल्या थोड्या वेलींना थंडीची झळ बसली. बाकी बाग उभी राहिली. त्या वर्षी आमच्या रानात पहिल्यांदा सगळ्या ओळींचा माल उतरला. नानांनी बाग तोडली नाही.